कार्डावर ‘रेड’ लिहिलंय, पण हिशोब कोण करतो? – वाचनालयाच्या साठवण सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

वाचनालयातल्या जुन्या नियतकालिकांचं स्कॅनिंग पावसाळ्यात सुरू करायचं ठरलं आहे. काही अंकांचा कागद इतका जीर्ण झालाय की ते एकदा उघडले की पुन्हा उघडता येणार नाहीत. बांधणीतून पानं सुटतात, कडांचा भुगा होतो. म्हणजे जी स्कॅन फाइल तयार होईल, ती पुढच्या वाचकासाठी मूळ प्रतच. रंगीत ए४ पान ६०० डीपीआयने, संकोचन न करता घेतलं तर एका पानाला जवळपास १०० एमबी जागा लागते. ८ टीबी वापरता आली तर त्यात साधारण पाऊण लाख पानं मावतील. तेवढी आम्हाला पुरेशी आहेत.

४ टीबीच्या चार डिस्क नव्या घेतल्या आहेत. कार्डं मात्र देणगीतली. एक कार्यालय बंद झालं, त्यांच्या सर्व्हरच्या खोलीतून एक खोका आला. त्यात चार कंट्रोलर कार्डं (डिस्क संगणकाला जोडणारी) निघाली आणि चौघांच्याही नावात किंवा छापील लेबलात कुठे ना कुठे ‘रेड’ आहे. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच डिस्क असल्यासारख्या वापरायच्या, आणि बहुतेक प्रकारांत एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचावा अशी मांडणी. सिलिकॉन इमेज ३११४, प्रॉमिस फास्टट्रॅक, आयबीएम सर्व्हरेड एम१०१५ आणि एलएसआय मेगारेड ९२६०-८आय. पाचवा उमेदवार म्हणजे जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड. त्याच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या प्रोग्राममध्ये) साटा पोर्टसाठी, म्हणजे डिस्क जोडायच्या खोबण्यांसाठी, ‘रेड’ असा पर्याय दिसतो.

या पाचांपैकी डिस्कचं गणित स्वतःच्या अंगावर कोण घेतं आणि कोण ते गुपचूप संगणकाच्या प्रोसेसरकडे सरकवतं, हे आधी ठरवायचं. त्यानंतरच डिस्क जोडायच्या. प्रत्येक कार्डाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची आणि जे सिद्ध होईल तेवढंच तिच्यावर लिहायचं.

४ जून

आज फक्त डोळ्यांनी पाहणी. कार्ड स्लॉटमध्ये घालण्याआधी अर्धी माहिती इथेच मिळते.

सिलिकॉन इमेज ३११४ हे साधं पीसीआय कार्ड. मधोमध एकच चौकोनी चिप, शेजारी बायोसची छोटी फ्लॅश चिप, एक क्रिस्टल, चार साटा खोबण्या. बाकी बोर्ड मोकळा. रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालणारा प्रकार) चालवायची तर पॅरिटी, म्हणजे गेलेला डेटा परत काढायला लागणारा जादा हिशोब, मोजायला प्रोसेसर हवा, मोजताना डेटा धरून ठेवायला मेमरी हवी. इथे मेमरीच नाही. प्रॉमिसचं कार्ड रुंद आयडीई केबलच्या काळातलं, पण मांडणी तीच: एक चिप, एक फ्लॅश.

प्रॉमिसवरून, मदतीला असलेल्या विद्यार्थ्याला एक जुनी गोष्ट सांगितली, कारण हा सगळा विषय तिच्यात सामावलेला आहे. २००० सालाच्या आसपास प्रॉमिसचं अल्ट्रा६६ नावाचं साधं आयडीई कार्ड मिळायचं आणि फास्टट्रॅक६६ नावाचं महाग रेड कार्ड मिळायचं. हौशी लोकांच्या लक्षात आलं की अल्ट्रा६६ वर एक रेझिस्टर सोल्डर केला आणि त्यात फास्टट्रॅकचं बायोस भरलं की ते फास्टट्रॅक म्हणून उभं राहतं. सिलिकॉन तेच, ‘रेड’ आलं ते बायोस आणि ड्रायव्हरमधून.

आता उरलेली दोन. एम१०१५ आणि ९२६०-८आय शेजारी ठेवली तर एकाच घरातली वाटतात. दोन्हींवर दोन-दोन मिनी-सास खोबण्या, दोन्हींवर हीटसिंक, दोन्ही पीसीआय एक्स्प्रेस आठ लेनची. फरक हीटसिंकच्या शेजारी आहे. ९२६०-८आय वर मेमरीच्या काळ्या चिपा सोल्डर केलेल्या आहेत (५१२ एमबी डीडीआर२) आणि बॅटरीचं छोटं बोर्ड जोडायची जागा आहे. एम१०१५ वर हे दोन्ही नाही. म्हणून हीटसिंकवर विसंबू नये. हीटसिंक एवढंच सांगतो की चिप तापते.

९२६० ला बॅटरीही जोडलेली आली. तिचं पाकीट फुगलं आहे. लिथियमची फुगलेली बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायची नसते. जोडणी सोडवून ती बाजूला ठेवली, ई-कचऱ्यात जाईल.

६ जून

सिलिकॉन इमेज ३११४ जुन्या डेस्कटॉपला लावलं. चाचणीसाठी ५०० जीबीच्या दोन जुन्या डिस्क.

चालू करताना काळ्या पडद्यावर कार्डाचं बायोस येतं आणि कंट्रोल-एस किंवा एफ४ दाबा म्हणतं. आत गेलं की नीटस मेनू मिळतो. मिरर बनवा (दोन डिस्कवर तोच डेटा), पट्टे पाडा (डेटा डिस्कमध्ये वाटून), राखीव डिस्क नेमा. मिरर केला, आणि बायोसच्या यादीत दोन डिस्कच्या जागी एकच दिसू लागली. इथवर पाहणाऱ्याला वाटतं की कार्डाने काम केलं.

प्रत्यक्षात काय झालं ते असं. संगणक सुरू होताना डिस्क वाचायची जुनी सोय म्हणजे इंटरप्ट १३. कार्डावरच्या फ्लॅशमधला छोटा प्रोग्राम तो इंटरप्ट आपल्या ताब्यात घेतो आणि ‘ही एकच डिस्क आहे’ असं सांगतो. तो प्रोग्रामही चालतो संगणकाच्याच प्रोसेसरवर. बूटलोडर एवढ्यावर फसतो आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लोड होतो. पण विंडोज किंवा लिनक्सचा कर्नल एकदा उठला की तो इंटरप्ट १३ कडे ढुंकूनही पाहत नाही, थेट चिपशी बोलतो. आणि चिप खरं ते सांगते: माझ्याकडे चार पोर्ट आहेत, दोनांवर डिस्क आहेत. त्यापुढे मिरर टिकवायचा तर कंपनीचा ड्रायव्हर हवा, आणि प्रत्येक लेखन दोनदा पाठवायचं काम तो प्रोसेसरकडून करून घेतो.

लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स चढवलं. ड्रायव्हर लागला साटा_सिल, म्हणजे साध्या साटा पोर्टचा ड्रायव्हर. डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके आज्ञेने एसडीबी आणि एसडीसी अशा दोन स्वतंत्र डिस्क दाखवल्या, प्रत्येकीचं मूळ मॉडेल नाव आणि सीरियल क्रमांकासकट. त्याच आज्ञेला एफ पर्याय दिला तेव्हा प्रकाराच्या रकान्यात ‘सिलिकॉन_मेडली_रेड_मेंबर’ आलं. कार्डाने डिस्कच्या शेवटच्या भागात आपली खूण लिहून ठेवली आहे आणि लिनक्सला ती वाचता येते. हे फार उपयोगी आहे. कार्ड हरवलेलं असलं तरी डिस्क सांगू शकते की ती कुठल्या घरची. इंटेलच्या बोर्डावरची डिस्क ‘आयएसडब्ल्यू_रेड_मेंबर’ म्हणते, प्रॉमिसची ‘प्रॉमिस_फास्टट्रॅक_रेड_मेंबर’, आणि लिनक्सच्या स्वतःच्या रेडमधली ‘लिनक्स_रेड_मेंबर’.

मग धोका कुठे आहे तो विद्यार्थ्याच्या हाताने दाखवला. दोन्ही डिस्कवर एकच विभाजन, एकच फाइल सिस्टिम, एकच यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक). त्याने एसडीबीवरचं विभाजन माउंट केलं (वापरायला उघडलं), त्यात एक छोटी फाइल लिहिली, अनमाउंट केलं. मग एसडीसीवरचं माउंट केलं. फाइल तिथे नाही. यानंतर मशीन पुन्हा चालू केलं तर कार्डाचं बायोस मिरर निरोगी असल्याचंच सांगतं, कारण त्याला या लेखनाची खबरच नाही. पुढे कुठलं वाचन कुठल्या डिस्कवरून होईल त्यावर कधी नवी फाइल दिसेल, कधी नाही.

विद्यार्थी म्हणाला, “सर, म्हणजे डेटा दोन ठिकाणी आहे, पण दोन वेगळे डेटा आहेत.”

अगदी तेच. चिठ्ठीवर त्याचंच वाक्य लिहिलं.

७ जून

‘एलएसपीसीआय चालवा, रेड बस कंट्रोलर असं आलं तर हार्डवेअर रेड’ (ही आज्ञा संगणकातल्या चिपा-कार्डांची यादी देते) हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो टिकत नाही, म्हणून आज तेवढंच तपासलं.

डेस्कटॉपच्या बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’ केला. एलएसपीसीआयने लगेच इंटेलच्या चिपसेटला ‘रेड बस कंट्रोलर’ म्हटलं, ओळख क्रमांक ८०८६:२८२२. मोड परत एएचसीआय (साध्या साटा पोर्टची पद्धत) केला, तीच चिप ‘साटा कंट्रोलर’ झाली. बायोसमधला एक पर्याय बदलून चिपमध्ये नवा प्रोसेसर उगवत नाही. ते वर्गनाव म्हणजे चिपने स्वतःबद्दल दिलेली माहिती, आणि ती बायोसला बदलता येते.

त्याच आज्ञेला के पर्याय दिला तर कुठला ड्रायव्हर लागलाय ते कळतं. हा पुरावा कितीतरी भक्कम. इंटेलला रेड मोडमध्येही एएचसीआय हाच ड्रायव्हर लागला. एएचसीआय, साटा_सिल, साटा_सिल२४ यांपैकी काही दिसलं तर पलीकडे साधे पोर्ट आहेत. मेगारेड_सास, एचपीएसए, एएसीरेड किंवा जुन्या ३वेअर कार्डांचा ३डब्ल्यू-९एक्सएक्सएक्स दिसला तर पलीकडे आज्ञा समजणारं फर्मवेअर, म्हणजे कार्डावरचाच प्रोग्राम, बसलं आहे. एमपीटी३सास दिसला तर ते बहुधा एचबीए, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे करणारं कार्ड. एचपीएसए आणि एएसीरेड हे ड्रायव्हर त्या घराण्यांतल्या एचबीए रूपातल्या कार्डांनाही लागतात, तेव्हा डिस्कची यादीही सोबत पाहावी.

विंडोजवाल्यांचा एक समजही इथेच नोंदवतो. एक्सपी बसवताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागला म्हणजे कार्ड नकली, असं काही जण मानत. तसं नाही. अस्सल मेगारेडलाही एक्सपीत एफ६ लागायचंच, कारण त्या कार्डाशी बोलायचा ड्रायव्हर विंडोजच्या सीडीत असायलाच हवा असं काही नव्हतं. ड्रायव्हर लागतो का हा प्रश्न निरुपयोगी आहे. ड्रायव्हर निरोप पोचवतो की हिशोब करतो, हे पाहायचं.

१० जून

आज ९२६०-८आय. मोठ्या मशीनमध्ये बसवलं, पंखा थेट त्याच्या हीटसिंककडे वळवला. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात, डेस्कटॉपच्या बंद पेटीत ती भाजून निघतात.

कंट्रोल-एच दाबून वेबबायोसमध्ये गेलो, नव्या चार डिस्कची रेड ५ बनवली. लिनक्स चढवल्यावर एलएसबीएलकेमध्ये एकच डिस्क, आणि मॉडेलच्या रकान्यात डिस्क बनवणाऱ्या कंपनीऐवजी ‘एमआर९२६०-८आय’. आकार १०.९ टीआयबी (१०२४ च्या पटीतलं माप), म्हणजे आपल्या १२ टीबी. चारपैकी एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत गेली. चार डिस्क कुठेही दिसत नाहीत. त्यांची तब्येत पाहायची तर स्मार्टसीटीएल या आज्ञेला ‘डी मेगारेड’ आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो, तेव्हा कार्ड आतला दरवाजा उघडतं.

ओळखीची सगळ्यात सरळ कसोटी हीच: कुठलाही अनोळखी लाइव्ह लिनक्स चढवा, कंपनीचं काहीही न घालता. एकच डिस्क दिसली आणि तिचं नाव कार्डाचं असलं, तर काम कार्डावर होतंय. सगळ्या डिस्क आपापल्या नावाने दिसल्या, तर नाही.

यालाही एक अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. मार्व्हेल ८८एसई९२३० सारखी स्वस्त चिप रेड ० (पट्टे), १ (मिरर) आणि १० (दोन्ही मिळून) आतल्या फर्मवेअरवर चालवते आणि बाहेर एकच डिस्क दाखवते. म्हणजे वरच्या कसोटीवर ती पास होते. पण सोबत बॅटरी नाही, मोठी मेमरी नाही. म्हणून दुसरा प्रश्नही विचारावाच लागतो: डिस्कवर अजून न पोचलेला डेटा वीज गेल्यावर कुठे असतो?

कार्डाकडून डेटा दोन तऱ्हांनी लिहिला जातो. राइट-थ्रूमध्ये डेटा डिस्कवर पोचल्यावरच कार्ड ‘झालं’ म्हणतं. राइट-बॅकमध्ये डेटा कार्डाच्या मेमरीत आला की लगेच ‘झालं’ म्हणतं, आणि डिस्कवर नंतर सवडीने उतरवतं. रेड ५ वर एखादा छोटा तुकडा बदलायचा तर चार कामं होतात: जुना डेटा वाचणं, जुनी पॅरिटी वाचणं, नवा डेटा लिहिणं, नवी पॅरिटी लिहिणं. मेमरी असली की कार्ड असे बरेच तुकडे गोळा करून एकदम उरकतं. हार्डवेअर रेडच्या वेगाची जी ख्याती आहे, तिचा मोठा वाटा या मेमरीचा आहे.

आणि त्या मेमरीमागे बॅटरी हवी. वीज गेली तर बॅटरी ती मेमरी साधारण दोन-तीन दिवस जागी ठेवते. मशीन परत सुरू झालं की कार्ड आधी राहिलेलं लेखन पूर्ण करतं. नंतरच्या कार्डांत बॅटरीच्या जागी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश आली. वीज जाताक्षणी मेमरीतलं सगळं फ्लॅशमध्ये उतरतं, मग तासांची घाई उरत नाही.

आमची बॅटरी काढलेली, म्हणून कार्ड आपण होऊन राइट-थ्रूवर आलं. कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या स्टोअरसीएलआय आज्ञेत तसं स्वच्छ दिसतं. छोट्या लेखनाची चाचणी लावली तर नुसत्या कानांनी फरक कळतो, डिस्कची डोकी सतत इकडून तिकडे धावतात. बॅटरी नसतानाही राइट-बॅक सक्तीने चालू ठेवायचा पर्याय मेनूत आहे. विद्यार्थ्याने विचारलं, लावू का? नाही. आपल्याकडे देखभालीसाठी वीज बंद असते तो दिवस ठरलेला असतो, पण पावसाळ्यातली वीज विचारून जात नाही. सक्तीचा राइट-बॅक म्हणजे ‘पान जतन झालं’ असं स्कॅन करणाऱ्याला सांगायचं आणि ते पान अजून विजेवर लटकत ठेवायचं. जो कागद पुन्हा उघडता येणार नाही, त्याच्या बाबतीत हे मला मान्य नाही.

१२ जून

एम१०१५ आधी त्याच्या मूळ फर्मवेअरवर पाहिलं. एलएसपीसीआयमध्ये १०००:००७३, ड्रायव्हर मेगारेड_सास, बनवलेली मिरर एकच डिस्क म्हणून दिसते. म्हणजे हिशोब कार्डावरच होतो, चिपमध्ये प्रोसेसर आहे. पण मेमरी नाही, बॅटरी नाही, आणि रेड ५ हवी तर आयबीएमची वेगळी फीचर-की बसवावी लागते. की मिळाली तरी मेमरीशिवायची रेड ५ लिहिताना रखडते.

तर ‘हार्डवेअर की सॉफ्टवेअर’ असे दोनच कप्पे पुरत नाहीत. चिठ्ठ्यांवर तीन रकाने केले: हिशोब कोण करतो, न लिहिलेला डेटा कुठे राहतो, कार्ड मेलं तर डिस्क कुठे वाचता येतील. तिसरा रकाना लोक विचारतच नाहीत, आणि वाचनालयासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा.

प्रॉमिसवर वेळ घालवला नाही. आयडीई डिस्कच उरल्या नाहीत.

१४ जून

सुट्या भागांसाठी मुंबईला गेलो होतो, म्हणून लॅमिंग्टन रोडला चक्कर. ९२६० साठी बॅटरी मिळते का पाहायचं होतं. एका दुकानदाराने बॅटरी नाही म्हणत दुसरंच कार्ड पुढे केलं. “साहेब, यावर रेड लिहिलंय ना? मग रेडच आहे. चार पोर्ट, बॅटरीची कटकट नाही.” उलटून पाहिलं, एकच चिप, मेमरी नाही. त्याला विचारलं की लिनक्समध्ये कुठला ड्रायव्हर लागतो. त्याने मोबाइल काढून प्रामाणिकपणे शोधलं आणि म्हणाला, एएचसीआय. मग घेतलं नाही. त्याचा दोष नाही, त्याला खोक्यावर जे छापून आलं तेच तो विकतो.

जुने सर्व्हर घेणाऱ्यांसाठी एक नोंद इथेच. डेलच्या पर्क मालिकेत एस अक्षराची कार्डं (एस१००, एस३००) सॉफ्टवेअरवर चालतात, एच अक्षराची हार्डवेअरवर. पण एच२०० आणि एच३१० मध्ये मेमरी नाही, एच७०० आणि एच७१० मध्ये ती आहे. एचपीत बी अक्षराची (बी११०आय, बी१२०आय, बी१४०आय) ड्रायव्हरच्या जिवावर चालतात, पी अक्षराची (पी४१०, पी४२०, पी४४०) स्वतःच्या. प्रॉमिसमध्ये फास्टट्रॅक आणि सुपरट्रॅक हा तसाच भेद, सुपरट्रॅकच्या वरच्या मॉडेलांवर स्वतंत्र प्रोसेसर असायचा. एकाच कंपनीच्या एकाच कॅटलॉगात दोन्ही जाती असतात. कंपनीचं नाव ऐकून भरवसा ठेवू नये, अक्षर आणि आकडा वाचावा.

बॅटरी मिळाली एका ठिकाणी, पण ती जुन्या साठ्यातली होती. लिथियम नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. सोडून दिली.

१५ जून

परतल्यावर विद्यार्थ्याचा प्रश्न तयार होता. “सर, सॉफ्टवेअर रेड इतकी वाईट, तर मग तुम्ही लिनक्सची रेड लावायची म्हणता ते कसं?”

प्रश्न रास्त आहे. ३११४ ची आणि लिनक्सच्या एमडीची (कर्नलमधली स्वतःची रेड), दोन्ही रेड संगणकाच्या प्रोसेसरवरच चालतात. पण ३११४ मध्ये अर्धं काम बायोस करतं, अर्धं कंपनीचा ड्रायव्हर, आणि डिस्कवरची खूण कंपनीच्या मनाची. ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी निघाला नाही की तुम्ही अडकलात. एमडीमध्ये सगळं काम कर्नल करतो, उघडपणे. खुणेचा आराखडा जाहीर आहे, ती रेड हाताळणारी एमडीएडीएम आज्ञा कुठल्याही लिनक्सवर मिळते, आणि आतून खरोखर चार डिस्क आहेत हे कुणापासून लपवलेलं नाही.

आणि वेगाचं म्हणाल तर कर्नल चढताना त्याच्या नोंदीत ‘रेड६’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी पाहाव्यात. पॅरिटी मोजायच्या वेगवेगळ्या पद्धती कर्नल तिथल्या तिथे पळवून बघतो आणि सगळ्यात वेगवान निवडतो. आमच्या मशीनवर तो आकडा सेकंदाला हजारो एमबींचा आहे. चार फिरत्या डिस्क मिळूनही इतका डेटा देऊ शकत नाहीत. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडचा निबंध मांडला, तेव्हाच्या आणि पुढची बरीच वर्षं असलेल्या प्रोसेसरना हा हिशोब जड होता. म्हणून तो वेगळ्या कार्डावर न्यायला अर्थ होता. आता हिशोबासाठी कार्ड घ्यायची गरज उरलेली नाही. कार्ड घ्यायचं ते बॅटरीवाल्या मेमरीसाठी, किंवा मशीन बूट करायच्या सोयीसाठी.

१८ जून

निर्णय झाला. एम१०१५ चं रेड फर्मवेअर काढून त्याला साधं एचबीए करायचं आणि वर लिनक्सची रेड ६. चार डिस्कमध्ये रेड १० नेही ८ टीबीच मिळते आणि ती वेगवान असते. पण तिच्यात एकाच जोडीतल्या दोन डिस्क गेल्या तर सगळं जातं. रेड ६ कुठल्याही दोन सोसते. स्कॅनिंगच्या वेगाला रेड ६ भरपूर आहे.

९२६० का नाही? कार्ड उत्तम आहे. पण बॅटरी नाही, आणि उद्या ते जळलं तर त्याच घराण्यातलं दुसरं शोधावं लागेल. त्या डिस्क साध्या पोर्टला लावल्या तर लिनक्स ‘डीडीएफ_रेड_मेंबर’ असं ओळखतं खरं, पण तालुक्याच्या गावात रविवारी सकाळी तेवढ्यावर पुढचा मार्ग काढायची वेळ ग्रंथपाल बाईंवर यावी असं मला वाटत नाही.

फर्मवेअर बदलताना सगळ्यात आधी कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा सास पत्ता, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, वहीत उतरवला. पाचाने सुरू होणारा, सोळा अक्षरी. विद्यार्थ्याने मोठ्याने वाचला, मी लिहिला, मग मी वाचला आणि त्याने ताडून पाहिला. फ्लॅश पुसली की कार्डाला तो पत्ता आठवत नाही, आपल्यालाच परत भरावा लागतो. मेगारेक या साधनाने जुनी ओळख पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं, सास२फ्लॅश या साधनाने ९२११-८आय या कार्डाचं आयटी (डिस्क जशाच्या तशा पुढे करणारं) फर्मवेअर २०.००.०७.०० भरलं. मालिका २० मधल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना त्रास होता, म्हणून शेवटची ०७ घेतली. बूट बायोस मुद्दाम भरलं नाही. या डिस्कवरून मशीन बूट करायचं नाही, मग ते कशाला हवं?

आता एलएसपीसीआयमध्ये १०००:००७२, वर्ग ‘सिरियल अटॅच्ड एससीएसआय कंट्रोलर’, ड्रायव्हर एमपीटी३सास. तेच कार्ड, वेगळं काम. चारही डिस्क आपापल्या नावाने आणि सीरियल क्रमांकाने समोर.

२१ जून

रेड ६ उभी केली. पहिलं सिंक रात्रभर चाललं. बिटमॅप चालू ठेवला आहे, म्हणजे वीज अचानक गेली तर पूर्ण डिस्क न तपासता फक्त त्या वेळी बदलत असलेला भाग तपासला जाईल. डिस्क वाचताना अडखळली तर ७ सेकंदांत हार मानेल हे स्मार्टसीटीएलने पाहून घेतलं. लिनक्स ३० सेकंद थांबतं, त्याआधी डिस्कने उत्तर द्यायलाच हवं. मशीन यूपीएसवर आहे, आणि यूपीएसची बॅटरी उतरायला लागली की ते स्वतःहून नीट बंद होईल अशी सोय केली.

मग तिसऱ्या रकान्याची कसोटी, जिच्यासाठी हे सगळं केलं. स्कॅन केलेली पानं भरली, प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकूर बदलला का ते पडताळायचा आकडा) काढून वेगळा ठेवला. चालू मशीनमधून तिसरी डिस्क उपसली. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चार ‘यू’ होते (एका चालू डिस्कला एक), तिथे ‘यू यू _ यू’ आलं आणि फाइली उघडतच राहिल्या. मशीन बंद केलं. एम१०१५ बाजूला ठेवलं, उरलेल्या तीन डिस्क जुन्या डेस्कटॉपच्या साध्या साटा पोर्टना लावल्या, मुद्दाम क्रम उलटा करून. लाइव्ह लिनक्स, एमडीएडीएमला ‘जुळव’ म्हणायची एक आज्ञा, आणि रेड उभी राहिली. चेकसम ताडले, सगळे जुळले.

ग्रंथपाल बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “अहो, ते कार्डच लावलं नाही तुम्ही.” नाही लावलं. लागत नाही.

२५ जून

चिठ्ठ्या पक्क्या केल्या, प्लास्टिकच्या पाकिटात घालून कार्डांना बांधल्या.

सिलिकॉन इमेज ३११४: हिशोब संगणकाचा प्रोसेसर करतो. मेमरी नाही. साधे साटा पोर्ट म्हणून वापरावं, कार्डाच्या मेनूतून मिरर करू नये.

मेगारेड ९२६०-८आय: हिशोब कार्ड करतं. मेमरी ५१२ एमबी, बॅटरी काढलेली, राइट-थ्रूवरच ठेवावं. नवी बॅटरी नव्या साठ्यातली मिळाल्यास पुन्हा विचार करावा.

एम१०१५: आता एचबीए. हिशोब लिनक्स करतं. डिस्क कुठल्याही लिनक्सवर वाचता येतात. सास पत्ता वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मदरबोर्ड: साटा मोड एएचसीआय. बदलू नये.

एमडीची मासिक तपासणी डेबियन स्वतः पहिल्या रविवारी करतं, तिचा अहवाल ग्रंथपाल बाईंच्या ईमेलवर जाईल. रेडमुळे डिस्क गेली तरी काम थांबत नाही, पण चुकून खोडलेली फाइल चारही डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून दोन बाह्य डिस्क घेतल्या आहेत, दर शनिवारी आलटून पालटून प्रत निघेल आणि एक डिस्क कायम वाचनालयाबाहेर राहील. बाहेरची डिस्क कोणाच्या घरी ठेवायची ते कार्यकारिणीच्या बैठकीत ठरायचं आहे. ते ठरल्याशिवाय स्कॅनरला हात लावायचा नाही असं बाईंनी सांगितलंय, आणि मी त्यांच्या बाजूने आहे.